कानटोपीचं माप

विदर्भ म्हटलं की लोकांना ऊन आठवतं. पुण्या-मुंबईचे पाहुणे मे महिन्यात इकडे फिरकत नाहीत, आणि डिसेंबरात येतात ते स्वेटर घरी ठेवून. मग पहाटेच्या एसटीतून पुसदच्या स्टँडवर उतरले की हात काखेत घालून रिक्षा शोधत बसतात. इथली थंडी फसवी आहे. दुपारी गच्चीवर वाळवण घालावं असं ऊन, आणि मध्यरात्रीनंतर दुलई नाकापर्यंत ओढावी असा गारठा. गाव पुस नदीच्या काठी, आजूबाजूला डोंगर. आभाळ निरभ्र असलं की दिवसभर तापलेली जमीन रात्रीतून भराभर निवते आणि गार झालेली जड हवा उतारावरून सरकत सखल भागात येऊन साचते. ज्याला दार लावून घेता येतं त्याला ही थंडी आवडतेसुद्धा. तुरीच्या ओल्या शेंगा, हुरडा, अंगणातली शेकोटी हे सगळं तिच्याच जिवावर.

दार नसलेली माणसंही गावात असतात. पुसदला अजून रेल्वे पोचलेली नाही, त्यामुळे दुसऱ्या शहरात जी माणसं फलाटावर निजली असती ती इथे एसटी स्टँडच्या आसपास, मिटलेल्या दुकानांच्या पायऱ्यांवर, देवळाच्या ओट्यावर निजतात. मुलांशी पटलं नाही म्हणून निघून आलेला एखादा म्हातारा असतो. डोक्यावर परिणाम झालेली, कुठल्या गावची ते सांगता न येणारी एखादी बाई असते. मजुरीला आलेला आणि परत जायचं विसरलेला एखादा माणूस असतो. दिवसा ही माणसं गर्दीत मिसळून जातात. त्यांना पाहायचं तर शेवटची गाडी गेल्यावर जावं लागतं.

आमच्या गल्लीत दुपारी विणायला बसणाऱ्या आम्ही काही जणी आहोत. सगळ्यांची मुलं मोठी झालेली, नातवंडं लांब. नातवंडांसाठी विणलेले स्वेटर व्हिडिओ कॉलवर एकदा दिसतात आणि मग त्यांच्या आयांच्या कपाटात जातात, कारण हल्लीच्या मुलांना लोकर टोचते. हातांना मात्र सवय लागलेली असते. टीव्ही बघताना, भाजी शिजताना, कुणाची तरी वाट बघताना सुया चालूच राहतात. मग हे विणून कुणाला द्यायचं, हा प्रश्न आला आणि त्याचं उत्तर स्टँडवर होतं. सुरुवातीला यात फार थोर काही नव्हतं. हात मोकळे होते, लोकर होती, घ्यायला डोकी हवी होती.

अनोळखी माणसासाठी विणण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. माझी आई 1962 च्या युद्धाच्या गोष्टी सांगायची. नेफाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचलच्या, बर्फात आपले जवान सुती गणवेशात आणि कॅनव्हासच्या बुटांत लढले हे कळल्यावर देशभरच्या बायकांनी सुया हातात घेतल्या होत्या. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि इकडे घराघरांत स्वेटर, मोजे, मफलर विणले जाऊ लागले. पुढच्याच वर्षी, 5 डिसेंबर 1963 ला, आमच्या पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले, त्यामुळे आईच्या आठवणीत युद्ध, खाकी लोकर आणि नाईकसाहेब हे सगळं एकाच हिवाळ्याच्या गाठोड्यात बांधलेलं असे. तिने विणलेला स्वेटर कुणी घातला हे तिला कधीच कळलं नाही. पण तो कुणी तरी तिशीच्या आतला, छातीने रुंद, ताठ चालणारा माणूस असेल, हे तिने गृहीत धरलं होतं. त्या बेताने तिने टाके घातले होते. जवानाचं माप कुणालाही डोळ्यांसमोर आणता येतं. स्टँडवर झोपणाऱ्याचं माप आम्हांला कुणाला येत नव्हतं.

कामाला लागल्यावर पहिली वादावादी झाली ती दोन सुया की क्रोशा यावर. आमच्यातली एक जण क्रोशाची. तिचं म्हणणं, हे काम लवकर उरकतं, सुई एकच, टाके निसटायची भीती नाही. खरं आहे. पण क्रोशाला लोकर जास्त लागते, आणि खांबांची नक्षी घातली की दोन खांबांमधून जी फट राहते ती दिवाणखान्यातल्या रुमालावर शोभते. पहाटे चारच्या वाऱ्याला ती उघडी खिडकी असते. शेवटी ठरलं, की क्रोशाचं काम करायचं तर नुसते मुके खांब, जाळी नाही, फुलं नाहीत. दोन सुयांवर करणाऱ्यांनी कडेला दोन सुलट, दोन उलट अशी पट्टी घालायची, कारण ती ताणते आणि सोडली की पुन्हा आवळते, म्हणजे लहान-मोठ्या कुठल्याही डोक्यावर बसते. ऊब लोकरीत नसते, लोकरीने अडवून धरलेल्या हवेत असते. धागे जितके जवळ तितकी हवा जागची हलत नाही, ही सगळी विद्या त्या एका वाक्यातली.

लोकर कुठली, हाही प्रश्नच. आमचा जिल्हा कापसाचा. घराघरांत कापूस बघितलेली माणसं आम्ही, पण लोकर इथली नव्हे. थंडी सुरू झाली की विदर्भातल्या शहरांत तिबेटी लोक स्वेटरांची दुकानं मांडतात. त्यांची एक वसाहत आपल्याच गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला 1972 पासून आहे. आपला देश सुटलेल्या माणसांनी परक्या मुलखात ऊब विकावी, यात काय म्हणायचं ते ज्याचं त्याने म्हणावं. त्यांचा माल बहुतेक लुधियानाचा, आणि दुकानातल्या लडीसुद्धा तिकडच्याच. बहुतेक लडी अ‍ॅक्रिलिकच्या. ती स्वस्त, मऊ, धुवायला सोपी, कसर न लागणारी.

तिच्यातली खोट आम्हांला शेकोटीने शिकवली. स्टँडवरची माणसं कचरा, खोकी, टायरचे तुकडे पेटवून त्याच्याशी खेटून बसतात. ठिणगी उडाली तर खरी लोकर धुमसते आणि बहुधा आपणच विझते. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि कातडीला चिकटतं. धाग्याचा तुकडा काडीने पेटवून बघायचा. केस जळल्याचा वास आला आणि बोटांत चुरा होणारी राख उरली तर लोकर. काळा टणक मणी उरला तर अ‍ॅक्रिलिक. हे कळल्यापासून आम्ही जुने स्वेटर मागायला लागलो. तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे, कुणाच्या तरी वडिलांचे, पेटीच्या तळाशी डांबराच्या गोळ्यांसोबत पडलेले. ते उसवायचे. उसवलेली लोकर कुरळी निघते, जुन्या टाक्यांची वळणं विसरत नाही. ती खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून लडी करायची, चार ठिकाणी सैल बांधायची, कोमट पाण्यात भिजवायची आणि ओली असतानाच खाली वजन टांगून वाळत घालायची. दोन दिवसांत धागा सरळ होतो. एका गृहस्थाने वडिलांचा स्वेटर दिला आणि उसवताना समोर बसून राहिला. शेवटचा टाका निघाला तसा उठून गेला. त्या लोकरीच्या कानटोप्या फार चांगल्या झाल्या.

आता हिशेबाचं बोलायचं. दोन-अडीचशे रुपयांत बाजारात साधं ब्लँकेट मिळतं. पानिपत म्हटलं की आपल्याला 1761 आठवतं. पण जगभरातले जुने गरम कपडे आज त्या गावात येतात, फाडून-पिंजून त्यांचं पुन्हा सूत होतं आणि त्या सुताची स्वस्त ब्लँकेटं होतात. पुरात, भूकंपात, थंडीत वाटली जाणारी बरीचशी ब्लँकेटं तिथलीच. यंत्र काही मिनिटांत जे करतं त्यासाठी आम्ही आठवडा घालवतो, वर लोकरीचे पैसे वेगळे. माझा मुलगा हिशेबी आहे. तो म्हणाला, ‘आई, तुम्ही सगळ्या मिळून ब्लँकेटं विकत घ्या ना, जास्त लोकांना पुरतील.’ त्याच्या हिशेबात चूक काढता येत नाही. आम्ही तसंही करून बघितलं. ब्लँकेटं घेतली आणि रात्री स्टँडवर वाटायला गेलो.

तिथे एक म्हातारे बाबा भिंतीला टेकून बसलेले. ब्लँकेट पुढे केलं तर घेईनात. म्हणाले, ‘बाई, हे ठेवू कोठी? सकाळी उठून हिंडा लागते. काखेत घेऊन हिंडलो त लोक कामावर घेत नाहीत, अन् ठेवून गेलो त संध्याकाळी राहत नाही.’

‘मग काय देऊ, बाबा?’

‘टोपी द्या न. डोक्यावर राहते. अन् काया रंगाची पाहा. पांढरी दोन दिसात मयते.’

माझ्या पिशवीत एक फिकट पिवळी कानटोपी होती, गोंड्याची. फार हौसेने केलेली. त्यांनी ती हातात घेतली, उलटी केली, आतून बोटं फिरवून बघितली, जशी जाणती बाई लुगड्याचा पोत बघते. मग गोंडा दोन बोटांत धरून म्हणाले, ‘हे काढून द्या. पोट्टे ओढतात.’ मी तिथेच दातांनी दोरा तोडून गोंडा काढला. त्यांनी टोपी घातली, कान झाकून घेतले आणि माझ्याकडे दुर्लक्ष करून बिडी शोधायला लागले. आभार वगैरे काही नाही. मला ते बरं वाटलं. गिऱ्हाईक आपल्या पसंतीचा माल घेऊन मोकळं झालं होतं.

त्या रात्रीनंतर आमचं विणकाम बदललं. निळा, कथ्था, बदामी, काळा एवढेच रंग. गोंडे नाहीत, झालरी नाहीत. कान आणि मानेचा मागचा भाग नीट झाकेल इतकी खोली. मफलर लांब नको, कारण तो झोपेत गळ्यात अडकतो, चालताना चाकात जातो. बायकांसाठी स्कार्फापेक्षा बिनबाह्यांची बंडी, साडीवरून घालता येईल अशी, आतल्या बाजूला एक खिसा असलेली. तो खिसा एका बाईने मागून घेतला. जिच्याकडे कुलूप नाही तिला अंगावरच तिजोरी हवी असते.

देणाऱ्याची हौस आणि घेणाऱ्याची गरज यांत अंतर पडतं ते जगात सगळीकडेच. ऑस्ट्रेलियात फिलिप बेटाजवळच्या छोट्या पेंग्विनांना समुद्रातलं तेल लागलं की त्यांना धुऊन होईपर्यंत लोकरीचे चिमुकले स्वेटर घालतात, म्हणजे ते चोचीने तेल गिळत नाहीत. हे कळताच देशोदेशीच्या विणणाऱ्यांनी इतके स्वेटर धाडले, की उरलेले खेळण्यातल्या पेंग्विनांना घालून विकावे लागले. आपल्याकडे 2016 साली सुभाश्री नटराजन यांच्या पुढाकाराने ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटाने चेन्नईत 11,148.5 चौरस मीटरचं क्रोशाचं ब्लँकेट जोडून गिनेस विक्रम केला. गावोगावच्या बायकांनी आपापले तुकडे विणून पाठवले होते. नंतर ते तुकडे ब्लँकेटं म्हणून गरजूंना देण्यात आले. हजारो हातांना एका कामावर आणणं सोपं नाही, मला त्याचं कौतुकच आहे. पण विक्रम मैदानाच्या मापाने होतो. टोपी डोक्याच्या मापाने करावी लागते आणि ते डोकं आधी जाऊन बघावं लागतं.

बाबांचं ‘ठेवू कोठी’ मात्र माझ्या मनातून जाईना. फेब्रुवारी संपला की आमच्या टोप्या, बंड्या दिसेनाशा होतात. कधी गटाराच्या कडेला, कधी कुत्र्याच्या अंगाखाली सापडतात. वाटणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी दर वर्षी म्हणतं, ‘बघा, यांना किंमत नाही.’ मी माझ्याच घराकडे बघते. मार्चमध्ये मी काय करते? स्वेटर धुते, वाळवते, घडी घालते, कडुनिंबाची पानं ठेवते आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यात सारते. पुढचा हिवाळा त्या कप्प्यात माझी वाट बघत असतो. ज्याला कपाट नाही त्याला पुढचा हिवाळा नसतो; त्याच्यापुढे फक्त आजची रात्र असते. चाळीस अंशांत लोकरीची टोपी खिशात घेऊन हिंडण्यात काय शहाणपण आहे? फेकणं हाच त्याचा बरोबर हिशेब.

‘गूंज’ ही संस्था अंशू गुप्ता यांनी 1999 मध्ये सुरू केली ती घरच्या कपाटांतून काढलेल्या 67 कपड्यांवर. पुढे 2015 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांचं मुख्य म्हणणं असं, की अन्न, वस्त्र, निवारा असं आपण एका दमात म्हणतो, पण अन्नाच्या योजना होतात, घरांच्या योजना होतात, मधलं वस्त्र मात्र दयेवर सोडलेलं. हे अगदी खरं. स्टँडवर जाऊन आल्यावर मला त्यात एवढीच भर घालावीशी वाटते, की वस्त्राला निवारा लागतो. ज्याला छप्पर नाही त्याच्या अंगावर वस्त्र टिकत नाही.

हे आमच्याच मुलखातल्या एका माणसाला शंभर वर्षांपूर्वी ठाऊक होतं. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी 1876 मध्ये जन्मलेले गाडगेबाबा अंगावर चिंध्या जोडलेलं वस्त्र घालत आणि डोक्यावर टोपीच्या जागी खापराचा तुकडा. पैसा मात्र त्यांनी धर्मशाळांत घातला. नाशिक, आळंदी, पंढरपूर. मुंबईत दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा परगावाहून आलेल्या कर्करोगाच्या रुग्णांना आणि त्यांच्या माणसांना आजही आसरा देते. त्यांची म्हणून जी दशसूत्री सांगितली जाते तिच्यात वस्त्राचं सूत्र तिसरं आहे आणि बेघरांच्या आसऱ्याचं पाचवं. दोन्ही वेगवेगळी. चिंध्या पांघरून गावोगाव हिंडलेल्या, उघड्यावर निजलेल्या माणसाने ती दोन कलमं एकत्र केली नाहीत, कारण एक दिलं म्हणजे दुसरं दिलं असं होत नाही हे त्याच्या हाडांना माहीत होतं. आम्ही विणणाऱ्या बायका मात्र टोपी देऊन घर दिल्याच्या समाधानात घरी येत होतो.

आणखी एक गोष्ट लक्षात आली ती तांड्यांमुळे. पुसद, महागाव, उमरखेड या भागातल्या तांड्यांवरून दसरा-दिवाळीच्या सुमारास माणसं ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. पुढचे पाच-सहा महिने ती पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, उसाच्या फडाशेजारी कोपीत राहतात. पाचटाची ती कोपी वारा अडवत नाही. पहाटे, दव पडलेलं असताना तोड सुरू होते आणि तान्ही पोरं बांधावर निजवलेली असतात. यांना कुणी बेघर म्हणत नाही, कारण तांड्यावर घर आहे. फक्त थंडीच्या दिवसांत त्या घराला कुलूप असतं. आम्ही पुसदच्या स्टँडवर थंडी शोधत होतो आणि पुसदची थंडी सांगली-कोल्हापूरच्या शेतांत जाऊन कुडकुडत होती. त्यांच्या पोरांना टोप्या द्यायच्या तर त्या गाड्या भरायच्या आधी तयार हव्यात, म्हणजे विणायच्या उन्हाळ्या-पावसाळ्यात. त्यामुळे आता मे महिन्यात कूलरसमोर बसून आम्ही लोकर हातात घेतो. बोटांना घाम येतो, धागा सुईला चिकटतो, येणारे-जाणारे हसतात. संक्रांतीनंतर दुकानदार लोकर ठेवत नाही, म्हणून ती आधीच भरून ठेवायची. थंडीचं काम थंडीत सुचलं तर उशीर झालेला असतो.

सरकारी मोजणीचंही असंच काहीसं आहे. 2011 च्या जनगणनेत देशात 17 लाख 73 हजार माणसं बेघर म्हणून नोंदली गेली, त्यांतली 2 लाख 10 हजारांहून जास्त महाराष्ट्रात. रस्त्याकडेला, ह्यूम पाइपात, पुलाखाली, जिन्याखाली, देवळात झोपणाऱ्यांची ही गणती एका रात्रीत झाली, 28 फेब्रुवारीच्या रात्री. तोवर आमच्याकडे पंखे लागलेले असतात आणि ऊसतोडीला गेलेला अजून फडातच असतो. शहरी बेघरांच्या निवाऱ्यासाठी जो निकष ठरला तो एक लाख लोकसंख्येमागे शंभर जणांची सोय असलेला एक निवारा. त्याच जनगणनेत पुसदची लोकसंख्या 73 हजार भरली. त्या हिशेबाने आमच्या वाट्याला पाऊण निवारा येतो. पाऊण टोपी विणली तर कान उघडा राहतो, हे सांगायला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही.

हे सगळं कळूनही मी विणणं थांबवलेलं नाही, पण नुसत्या विणण्यावर माझा विश्वास उरलेला नाही. रोज तासभर एका अनोळखी डोक्याचा विचार करत बसलं, की त्या डोक्याखालचा माणूसही दिसायला लागतो. विकत घेतलेल्या ब्लँकेटाने ते झालं नसतं. मुलाच्या हिशेबाला माझं उत्तर एवढंच आहे. आता वाटपाच्या फेरीत एक वही सोबत असते. कोण कुठे झोपतं, कुठल्या गावचं, परत जायला घर आहे का, कागदपत्र आहे का, एवढंच विचारून लिहून घ्यायचं, तेही त्याने सांगितलं तर. ही मोजणी डिसेंबर-जानेवारीत, शेवटची गाडी गेल्यानंतर व्हायला हवी आणि दर वर्षी व्हायला हवी. तशी झाली तर नगरपरिषदेपुढे ठेवायला आमच्याकडे आकडा असेल आणि त्या आकड्याला चेहरे असतील. आम्ही विणायला बसणाऱ्या बायका हिशेबाला कच्च्या नाही. टाके मोजल्याशिवाय टोपी होत नाही. माणसं मोजल्याशिवाय निवारा होणार नाही. वहीची पहिली पानं भरली आहेत. अर्ज कुणाच्या अक्षरात लिहायचा, एवढंच ठरायचं आहे.